काम चोख, बिल बाद

पाम स्प्रिंग्ज हे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं गाव. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि समुद्र पार लॉस एंजेलिसच्या पलीकडे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या 'ओअॅसिस वॉटरपार्क'वाल्यांनी या गावात समुद्राच्या लाटा आणायचं मनावर घेतलं. २९ हजार चौरस फुटांचा तलाव बांधायचा, यंत्राने त्यात लाटा उठवायच्या आणि लोकांनी भर वाळवंटात सर्फिंग करायचं. असं यंत्र बनवणारी कंपनी न्यूयॉर्कची होती, हायड्रोटेक सिस्टिम्स. यंत्राचं पेटंट तिच्याकडे.

हायड्रोटेकने सुरुवातीलाच शंका काढली होती. आमच्याकडे कॅलिफोर्नियाचा कंत्राटदाराचा परवाना नाही, आम्ही यंत्र विकतो, बसवायचं तुमचं तुम्ही बघा. पार्कवाले म्हणाले, यंत्र इतकं जगावेगळं आहे की बसवायला तुम्हीच हवेत. इथला परवानाधारक कंत्राटदार आम्ही तुमच्या जोडीला देतो. (हे सगळं हायड्रोटेकच्या दाव्यातलं कथन. ते खरं की खोटं हे तपासायची वेळच कोर्टावर आली नाही. का आली नाही, तीच या लेखाची गोष्ट.) साडेआठ लाख डॉलरला काम ठरलं. त्यातले १ लाख १० हजार मागे ठेवले गेले, आपल्याकडेही ठेकेदाराची ठेवतात तशी राखून ठेवलेली रक्कम. काम झालं, पार्क सुरू झाला, ते १ लाख १० हजार काही सुटेनात. हायड्रोटेक कोर्टात गेली. करारभंगाचा दावा केलाच, वर फसवणुकीचाही केला: पैसे द्यायचे नाहीत हे यांचं आधीपासून ठरलेलं होतं, आमच्याकडे परवाना नाही हे ठाऊक असूनच यांनी आम्हाला गोड बोलून कामाला लावलं.

१९९१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. घटकाभर धरून चालू की हायड्रोटेक म्हणते ते अक्षर न् अक्षर खरं आहे. ठरवून फसवलं, हेही खरं. तरी दावा चालणार नाही. कारण परवाना नव्हता.

आपल्या कानाला हे विचित्र लागतं. ठेकेदार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उचल घेऊन गायब झालेला माणूसच उभा राहतो. ठेकेदाराला मालकाने बुडवलं अशी तक्रार सहसा दिवाणखान्यात ऐकू येत नाही. पण बांधकामाच्या धंद्यात पैसा दोन्ही बाजूंनी बुडतो, आणि कॅलिफोर्नियाने त्यातल्या एका बाजूच्या बुडवण्याला चक्क कायद्याचं पाठबळ दिलं आहे.

हा कायदा म्हणजे तिथल्या व्यवसायविषयक संहितेचं कलम ७०३१. कंत्राटदारांना परवाने देणारं मंडळ, 'काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड', १९२९ पासून आहे. परवान्यासाठी त्या कामाचा चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, साधारणपणे दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक कायद्या-व्यवहाराची आणि एक कारागिरीची, बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि २५ हजार डॉलरचा बाँड भरावा लागतो. काँक्रीट, छप्पर, रंग, फरशी, बागकाम, प्रत्येकाचा वर्ग वेगळा. छोट्या कामांना सूट आहे. मजुरी आणि सामान मिळून पूर्वी ५०० डॉलरपर्यंतच्या कामाला परवाना लागत नसे. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा १००० डॉलर झाली, तीही कामाला पालिकेची बांधकाम परवानगी लागत नसेल आणि करणाऱ्याने हाताखाली दुसरा माणूस घेतला नसेल तरच. तिथल्या भावाने १००० डॉलरमध्ये न्हाणीघराच्या फरश्याही धड बदलून होत नाहीत.

कलम ७०३१ म्हणतं की ज्या कामाला परवाना लागतो त्याचे पैसे मागायला कोर्टात यायचं असेल, तर कामाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत रीतसर परवाना होता हे दाखवा. नसेल तर दाव्यात कितीही तथ्य असो, तो चालणार नाही. प्रतिपक्षाने परवान्यावर बोट ठेवलं की मंडळाकडून आणलेला पडताळणीचा दाखला कंत्राटदारालाच हजर करावा लागतो. तो एक कागद फायलीत नसेल तर काम किती सरळ ओळंब्यात झालं, मालकाने ते पाहून किती वाखाणलं, घरात राहायला गेले की नाही, यातलं काही विचारलं जात नाही. 'केलेल्या कामाचं वाजवी मोल तरी द्या' हा जुना, सगळीकडे चालणारा युक्तिवादही इथे चालत नाही. मालमत्तेवर बोजाही चढवता येत नाही.

एवढा कडकपणा कशासाठी, याचं उत्तर कॅलिफोर्नियाचे गाजलेले न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी १९५७च्या एका निकालात दिलं होतं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: या दोघांच्या भांडणात एकावर अन्याय होईल हे आम्हाला दिसतं. पण बिनपरवाना माणसाने धंद्यात उतरूच नये, ही लोकांच्या सुरक्षिततेची गरज त्या अन्यायापेक्षा मोठी आहे. दंड भरून सुटता येतं. कामाचे पैसेच मिळणार नाहीत म्हटल्यावर माणूस दहा वेळा विचार करतो. हायड्रोटेकच्या निकालातही सूर तोच. परवाना लागतो हे ज्याला ठाऊक असायला हवं, त्याला 'मला फसवलं' म्हणायची मुभा दिली तर उद्या प्रत्येक बिनपरवाना ठेकेदार तेच म्हणत येईल आणि कलम कागदावर राहील.

युक्तिवाद चोख आहे. पण ट्रेनरसाहेबांच्या त्या खटल्यात फायदा कुणाचा झाला हे पाहिलं की माणूस थबकतो. तिथे कुणी भाबडा घरमालक नव्हता. रस्त्यांची कामं घेणारा मुख्य कंत्राटदार होता आणि त्याचा उपकंत्राटदार होता. मोठ्याने छोट्याचे पैसे दिले नाहीत आणि जनतेच्या रक्षणासाठी केलेली ढाल त्याच्या कामी आली. हायड्रोटेकच्या खटल्यात ती वॉटरपार्कच्या कामी आली. पुढच्या खटल्यात तर डिस्नेचं हॉटेल आहे.

*

अॅनाहाइमला डिस्नेलँडला लागून 'ग्रँड कॅलिफोर्नियन' नावाचं हॉटेल आहे. त्याचं बांधकाम चालू असताना लोखंडी सांगाडा उभारायचं उपकंत्राट एमडब्ल्यू इरेक्टर्स या कंपनीने दुसऱ्या एका उपकंत्राटदाराकडून घेतलं. ३ डिसेंबर १९९९ ला काम सुरू झालं. सांगाड्याच्या पोलादकामाचा परवाना हातात आला २१ डिसेंबरला. त्यानंतरचं सगळं काम परवान्याखाली झालं. पैशांवरून वाजलं तेव्हा समोरच्याने ते १८ दिवस बाहेर काढले.

अपील न्यायालयाने मधला मार्ग काढून पाहिला: परवाना मिळाल्यानंतरच्या कामाचे तरी द्या. २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही बंद केला. कलमात 'कामाच्या संपूर्ण काळात' असं आहे. कायदेमंडळाला तुकडे पाडायचे असते तर त्यांनी तसं लिहिलं असतं. आधीचे १८ दिवस नासले म्हणून त्या करारातले पुढचे महिनेही नासले. करार मुळातच बेकायदा मात्र ठरवला नाही. तेवढीच मेहेरबानी.

परवाना नुसता काढून भागत नाही, तो जिवंतही राहावा लागतो. हाताखाली माणसं असतील आणि त्यांचा अपघात विमा नसेल तर परवाना आपोआप निलंबित होतो. कुणी नोटीस चिकटवायला येत नाही. २००७ च्या एका निकालात कंत्राटदाराने विमा कंपनीला पगारपत्रकावर खरी माणसं दाखवलीच नव्हती. म्हणजे त्या कामापुरता विमा नाही, म्हणजे परवाना निलंबित, म्हणजे बिल बाद. त्या माणसाबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. विमा वाचवून त्याने मजुरांच्या जिवावर पैसे वाचवले होते. पण विम्याच्या हप्त्याच्या हिशेबावरून कंपनीशी वाद झाला, पॉलिसी रद्द झाली आणि त्यात बिल अडकलं, अशीही उदाहरणं पुढे घडली आहेत. कारण काहीही असो, शिक्षा एकच.

*

इथपर्यंतच्या खटल्यांत हा कायदा नुसती ढाल होता. मालक पैसे देत नसेल तर त्याला त्या ढालीआड लपता येई. पैसे देऊन झाले असतील तर विषय संपला.

२००२ पासून ढालीची तलवार झाली. कलमात नवी तरतूद आली: बिनपरवाना कंत्राटदाराला दिलेले सगळे पैसे मालक परत मागू शकतो. सगळे म्हणजे सगळे. त्याने सिमेंट-लाकडावर केलेला खर्च वजा होत नाही, मजुरांना दिलेले पगार वजा होत नाहीत, उभ्या राहिलेल्या भिंतीची किंमतही नाही. २००९ मध्ये एका निकालाने स्पष्टच सांगितलं की अशी वजावट दिली तर तरतुदीला अर्थ उरणार नाही. भिंत मालकाची, पैसेही मालकाचे.

कोचेला खोऱ्यात ट्वेंटी-नाइन पाम्स या आदिवासी समूहाचा कॅसिनो आहे. त्यांच्या कंपनीने तात्पुरतं वाहनतळ आणि रस्त्याचं काम एका कंत्राटदाराच्या एकट्याच्या नावावरच्या फर्मला दिलं. फर्मला परवाना नव्हता. त्याच माणसाच्या दुसऱ्या कंपनीला होता. माणूस तोच, हात तेच, कागदावरचं नाव तेवढं वेगळं. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ७ लाख ५१ हजार ९९५ डॉलर परत करायचा आदेश कायम ठेवला.

राज्याच्या न्यायसंस्थेलाही या तलवारीचा मोह आवरला नाही. कोर्टांच्या इमारतींची देखभाल करणाऱ्या जेकब्स या बड्या कंपनीने अंतर्गत फेररचनेत ते काम आपल्याच एका उपकंपनीकडे वळवलं आणि परवान्याचा घोळ झाला. कोर्टांचा कारभार पाहणाऱ्या ज्युडिशियल काउन्सिलने दिलेले कोट्यवधी डॉलर परत मागितले. २०१५ च्या अपिलात न्यायालयाने परवान्याच्या मुद्द्यावर काउन्सिलची बाजू उचलून धरली आणि कंपनीला 'आम्ही बहुतांशी नियम पाळला होता' हे मांडायची एक संधी दिली. चोराच्या मागे धावायला केलेला कायदा कारकुनी चुकीच्या मागे असा धावतो.

माझ्या मते सगळ्यात अवघड निकाल २०१० चा आहे. एका घरमालकाने बागकामासाठी कंत्राटदार लावला. त्याला परवाना नाही हे मालकाला पहिल्यापासून माहीत होतं. साडेसत्तावन्न हजार डॉलर दिले, पुढे बिनसलं, तेव्हा सगळे परत मागितले. कंत्राटदार म्हणाला, तुम्हाला माहीत होतं! न्यायालय म्हणालं, माहीत असण्या-नसण्याचा संबंध नाही. कायदेमंडळाने तशी अट घातलेली नाही. पैसे परत मिळाले.

म्हणजे एखाद्याने मंडळाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं की या माणसाला परवाना नाही, मुद्दाम त्यालाच काम द्यावं, सज्जा-स्वयंपाकघर नवं करून घ्यावं, हसतमुखाने पैसे द्यावेत आणि काम संपल्यावर वकिलाची नोटीस धाडावी. कायदा त्याला अडवत नाही. घाई मात्र करावी लागते: काम संपल्यापासून वर्षाच्या आत दावा दाखल झाला पाहिजे, असं २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका खटल्यात ठरलं. कंत्राटदारांची त्यातल्या त्यात सुटका एवढीच.

*

दुसरी बाजू न मांडता पुढे जाणं बरोबर नाही, आणि ती बाजू लहान नाही.

७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसभोवती वणवे पेटले. पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडीना या दोन वस्त्यांच्या परिसरात मिळून १६ हजारांहून अधिक बांधकामं जळाली. जिथे घरं जळतात तिथे राख गार व्हायच्या आत ट्रक फिरायला लागतात. राडारोडा उचलून देतो, विम्याचं बघून देतो, पहिला नंबर तुमचा लावतो, फक्त आज थोडी रोकड द्या. घर गेलेल्या माणसाला कुणीतरी 'मी आहे' म्हणणारा हवाच असतो. म्हणून आपत्तीग्रस्त जाहीर झालेल्या भागात बिनपरवाना बांधकाम करणं कॅलिफोर्नियात तुरुंगवासाचा गंभीर गुन्हा ठरू शकतो. एरवी पहिल्या वेळी तो किरकोळ गुन्ह्यात मोडतो, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मंडळाची तपासणी पथकं सापळेही लावतात. पद्धत साधी आहे. एक रिकामं घर घ्यायचं, जाहिराती देणाऱ्या कंत्राटदारांना 'येऊन अंदाज द्या' म्हणून फोन करायचे. येणारा माणूस भिंती ठोकून बघतो, टेप लावतो, आकडा सांगतो. आकडा मर्यादेबाहेर गेला आणि परवाना नसला की आतल्या खोलीतून अधिकारी बाहेर येतात आणि कोर्टात हजर राहण्याची नोटीस हातात देतात. उचल किती मागितली तेही पाहतात. घरकामाच्या करारात आगाऊ रक्कम ठरलेल्या किमतीच्या १० टक्के किंवा १००० डॉलर, यातली कमी असेल तेवढीच घेता येते. पन्नास हजारांच्या स्वयंपाकघराला आगाऊ फक्त हजार! आपल्याकडे हा नियम सांगितला तर ठेकेदार चहा अर्धा टाकून उठेल.

बिनपरवाना माणूस लावणाऱ्या मालकाच्या गळ्यातही धोंड येऊ शकते. कामगार कायद्याच्या एका कलमानुसार परवाना लागणाऱ्या कामावर बिनपरवाना ठेकेदाराची माणसं असतील, तर त्यांच्या इजेपुरता काम देणाराच त्यांचा मालक धरला जाऊ शकतो. शिडीवरून कुणी पडला की दवाखान्याचं बिल तुमच्या दारात. त्यामुळे स्वस्तात काम झालं म्हणून खूश होणारे फ्रीमॉन्ट-सनीव्हेलचे आपले बांधव स्वतःला समजतात तितके सुरक्षित नसतात.

परवाना तपासणं तिथे पाच मिनिटांचं काम आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की एक साधं पान उघडतं. धंद्याचं नाव, पत्ता, परवाना कधी दिला, कधी संपतो, कोणत्या वर्गाचा आहे, आज चालू आहे की निलंबित, बाँड कुणाकडे, कामगारांचा विमा कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या तारखेपर्यंत. 'आमच्याकडे कामगार नाहीत' असं लिहून देऊन विम्यातून सूट घेतलेली असेल तर तेही दिसतं. आणि तुमच्या स्वयंपाकघरात त्याच वेळी चार जण ठोकाठोक करत असतील तर काय समजायचं ते समजता येतं. जाहिरातीतही हा क्रमांक छापणं बंधनकारक आहे.

*

आता नाक्यावर येऊ. आपल्याकडे मजूर नाका असतो तसे कॅलिफोर्नियात होम डेपोच्या दुकानांबाहेर वाहनतळाशी सकाळी माणसं उभी असतात. बहुतेक मेक्सिकोची किंवा ग्वाटेमाला-एल साल्वादोरकडची. काहींकडे कागदपत्रं नसतात. पिकअप थांबते, बोटांनी आकडा ठरतो, दोघं मागे चढतात.

यातला जो रोजंदारीवर जातो, मालक सांगेल तसं काम करतो आणि तासाचे पैसे घेतो, तो मजूर. त्याला परवाना लागत नाही. त्याची मजुरी बुडवली तर तो राज्याच्या लेबर कमिशनरकडे जाऊ शकतो, आणि तिथे मजुरी मागताना त्याला देशात राहण्याच्या कागदांबद्दल विचारायचं नाही असा कायदा आहे. पण तोच माणूस दोन-चार वर्षांत काम शिकला, स्वतःची करवत-ड्रिल घेतलं आणि 'कुंपण उक्तं घेतो, अडीच हजार द्या' म्हणाला की त्या क्षणी कंत्राटदार झाला. कुंपण उभं केल्यावर मालकाने हात वर केले तर त्याच्यासाठी कोर्टाचं दार बंद. काल बुडालेली शंभर डॉलरची मजुरी त्याला मागता येत होती, आज बुडालेले अडीच हजार येत नाहीत. कामात प्रगती केली आणि हक्क गमावला.

त्याने परवाना काढावा हे बरोबरच आहे, आणि राज्याने वाट थोडी रुंद केली आहे हेही खरं. २०१४ च्या एका कायद्यामुळे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यालाही नुसत्या करदाता क्रमांकावर अर्ज करता येतो. पण चार वर्षं अनुभव होता हे लिहून देणारा माणूस त्याने आणायचा कुठून? ज्यांच्याकडे तो रोखीने राबला त्यांनी त्याचं नाव कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

आणि माफीची जी एक खिडकी कायद्याने ठेवली आहे ती याच्यासाठी नाहीच. ती आधी मोठी होती. १९६६ च्या एका खटल्यात कंपनीच्या कार्यालय व्यवस्थापकाची मनःस्थिती ढासळली, परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं; कोर्ट म्हणालं, लोकांचं रक्षण व्हायचं ते झालंच होतं, पैसे द्या. या सवलतीचा फार फैलाव होतो म्हणून कायदेमंडळाने १९८०च्या दशकाच्या शेवटी ती काढून टाकली आणि पुढे आखडून परत दिली. आज ती मिळते ती आधी रीतसर परवाना असलेल्याला, तो टिकवण्यासाठी प्रामाणिकपणे धडपडलेल्याला आणि चूक कळताच ती सुधारलेल्याला. ज्याच्याकडे परवाना कधीच नव्हता त्याला या खिडकीकडे पाहताही येत नाही. म्हणजे जेकब्ससारख्या कंपनीला निदान रांगेत उभं राहता आलं, कुंपणवाल्याला तेही नाही.

इतरांनी काय केलं? न्यूयॉर्कमध्ये घरदुरुस्तीचा बिनपरवाना कंत्राटदार पैसे मागू शकत नाही, मालकाला ठाऊक होतं तरीही. पण घेतलेले पैसे केवळ परवाना नव्हता म्हणून परत ओढले जात नाहीत. टेक्सासात सर्वसाधारण बांधकाम कंत्राटदाराला राज्याचा परवानाच नाही, वीज-प्लंबिंगसारख्या कामांना तेवढा आहे. सगळ्यात शहाणी वाट मला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची वाटते. तिथेही बिनपरवाना माणसाला कराराची रक्कम मिळत नाही, दंड वेगळा. पण सामानावर आणि लावलेल्या मजुरांवर त्याने खरोखर केलेला वाजवी खर्च त्याला मागता येतो. नफा नाही, स्वतःच्या कष्टाचे पैसे नाहीत, आणि करारापेक्षा जास्त तर नाहीच. धंद्यातला रस मारायचा, पण दुसऱ्याच्या विटा फुकट मिळू द्यायच्या नाहीत. एकट्याने राबणाऱ्याची मजुरी त्यातही जाते. तेवढा दोष त्यात आहे.

*

आपल्याकडे चित्र अगदी उलटं. तुमच्या फ्लॅटचं नूतनीकरण करणाऱ्या ठेकेदाराला महाराष्ट्रात कॅलिफोर्नियासारखा परवाना लागत नाही. वीजकामाला लागतो, पालिकांचे परवानाधारक प्लंबर असतात, सार्वजनिक बांधकाम खात्याची कामं घ्यायची तर वर्गवार नोंदणी लागते. २०१७ पासून महारेरा आहे, पण ते फ्लॅट बांधून विकणाऱ्या प्रवर्तकासाठी. तुमच्या स्वयंपाकघराचा ओटा फोडणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे कोर्टात प्रश्न येतो तो काम झालं का, किती झालं, कुणी सांगितलं होतं, एवढाच. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० तर लेखी करार नसला तरी धावून येतं: फुकट करायचा इरादा नसताना कुणी तुमच्यासाठी कायदेशीर काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर भरपाई द्या. डिसेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगालमधल्या आरामबागच्या एका खटल्यात हेच कलम सरकारविरुद्ध लावलं. सरकारी गोदामाच्या छपऱ्या ठेकेदाराने बांधल्या होत्या, सरकार त्या वापरत होतं, फक्त कायद्याने सांगितलेल्या नमुन्यातला करार झाला नव्हता. पैसे द्यावे लागले.

आपल्याकडेही एक ७०३१ आहे मात्र, भलत्याच कायद्यात लपलेलं. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९. फर्म नोंदवलेली नसेल तर करारातले पैसे तिऱ्हाइताकडून वसूल करायला तिला दिवाणी दावा लावता येत नाही. आपली बरीच छोटी ठेकेदारी दोन मित्र किंवा दोन भाऊ मिळून चालवतात. पाटी रंगवलेली असते, लेटरहेड असतं, नोंदणी राहिलेली असते. पण इथे आपला कायदा जास्त माणुसकीचा आहे. काम करताना नोंदणी नसली तरी दावा लावायच्या दिवसापर्यंत करून घेतली तर चालते. शिवाय २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या ठेकेदाराच्या खटल्यात सांगितलं की ही बंदी लवादाला लागू नाही. करारात लवादाचं कलम असेल तर बिगरनोंदणीच्या फर्मलाही आपलं म्हणणं मांडता येतं.

याचा अर्थ आपलं बरं चाललं आहे असा नव्हे. परवानाच नसल्यामुळे आपल्या घरमालकाला ठेकेदाराची पारख करायला शेजाऱ्याच्या शिफारशीपलीकडे काही नाही. ना क्रमांक, ना बाँड, ना मजुरांच्या विम्याची तारीख. कॅलिफोर्नियाचं ते साधं पान आपल्याला हवंच. त्याच्यामागची तलवार नको. बिनपरवाना माणसाचा नफा जावा, दंड व्हावा, उचल घेऊन पळालेल्याकडून पैसा न् पैसा वसूल व्हावा. पण ज्याने काम चोख केलं त्याचं सामान आणि मजुरी, त्यात त्याच्या स्वतःच्या हातांची मजुरीही, ज्याच्या घरात काम उभं आहे त्याने द्यायलाच हवी.

तोवर तिकडे घर असलेल्यांना एवढंच सांगणं: पहिला चेक फाडायच्या आधी परवाना क्रमांक तपासा. आणि तपासूनही, दोन पैसे वाचावेत म्हणून बिनपरवाना माणूस लावलात, तर कायदा काहीही म्हणो, त्याचं बिल चुकतं करा. इकडे काम काढणाऱ्यांनी दोन पानांचा करार करावा. त्यात मोजमाप, दर, टप्पे आणि राखून ठेवायची रक्कम लिहावी. आणि भागीदारीत ठेकेदारी करणाऱ्यांनी फर्म नोंदवून घ्यावी. कलम ६९ मध्ये लहान रकमेच्या दाव्यांना सूट आहे खरी, पण १९३२ साली ठरवलेली ती मर्यादा केंद्रीय कायद्यात आजही १०० रुपयेच आहे.